नागपूरचा कूलर वसईला नेऊ नका

बदली होते, मुलाला मुंबईकडे नोकरी लागते, किंवा निवृत्तीनंतर लेकीच्या जवळ राहायचं ठरतं. नागपूरची बरीच कुटुंबं मग वसई-विरार पट्ट्यात घर बघतात. भाडं मुंबईच्या मानाने आवाक्यात, आजूबाजूला मराठी ऐकू येतं आणि वर समुद्र. फुटाळा तलावावर भुट्टा खात वाढलेल्या माणसाला 'समुद्र जवळ आहे' एवढं पुरेसं असतं. ट्रक ठरतो, सामान निघायला लागतं आणि पहिला वाद कूलरवरून होतो.

तर राजेहो, कूलर विकून टाका. कूलर हवेतल्या कोरडेपणावर चालतो. ताटीवरचं, म्हणजे वाळ्याच्या पडद्यावरचं, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापणाऱ्या नऊ दिवसांत, नागपूरचं तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या वाळ्याचा कूलर हवा २८-२९ अंशांपर्यंत खाली आणतो. म्हणजे तब्बल सोळा अंशांचा फरक. वसईला मे महिन्यात तापमान ३४ आणि आर्द्रता ७० टक्के असते, तेव्हा तोच कूलर फार तर ३० अंशांवर येऊन थांबतो आणि खोलीतली हवा ओलीचिंब करून ठेवतो. घाम वाळत नाही, गाद्या दमट होतात, आठ दिवसांत कपाटाला वास येतो. कूलरमध्ये बिघाड नसतो, त्याच्या कामाला लागणारी हवाच तिथे नसते.

उन्हाळ्याच्या बाकी सवयींचंही तसंच. खिशातला कांदा, तोंडाला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा, दुपारी खिडक्या बंद करून केलेला अंधार, हे सगळं कोरड्या झळांसाठी आहे. किनाऱ्यावर खिडक्या बंद केल्या की घरात उकडतं. तिथे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, म्हणून घर बघताना पश्चिमेची एक तरी खिडकी मोकळी आहे का हे पाहा. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर 'सी ब्रीझ' जाहिरातीपुरतीच उरते.

एसी लागणारच. पण नागपुरात हॉलला लावलेला दोन टनाचा एसी उचलून बारा बाय दहाच्या बेडरूमला लावू नका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन थंड करतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो, त्यामुळे हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण चिकट राहते. अशा खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी जास्त वेळ हळूहळू चालतो आणि हवा कोरडी करतो. पावसाळ्यात थंडाव्याची गरज नसते तेव्हा ड्राय मोड वापरा. बाहेरच्या युनिटचं खरं दुखणं मात्र मीठ. तांब्याच्या नळीवर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या बसवलेल्या असतात. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे अॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि पात्या पांढऱ्या भुकटीसारख्या पडतात. पात्यांवर संरक्षक लेप असलेलं मॉडेल घ्या आणि महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. बोअरचं पाणी वापरलंत तर मिठावर मीठ चढेल.

हे मीठ येतं कुठून, हे एकदा कळलं की अर्धी घरकामं आपोआप सुधारतात. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. ग्रिल, खिडकीची चौकट, पंख्याची पाती, सगळ्यांवर न दिसणारा थर बसतो. आता मिठाचा एक स्वभाव आहे: हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जुलैत मिठाची बरणी पाणावते ती याच कारणाने. तेच ग्रिलवर होतं. पाऊस पडत नसला तरी लोखंडावर खारट पाण्याचा थर दिवसरात्र असतो. म्हणून कोरड्या फडक्याने पुसून उपयोग नाही, थर फक्त पसरतो. ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने. खिडक्यांच्या खाचा आणि बिजागऱ्या पंधरा दिवसांतून एकदा.

पहिल्या पावसाच्या शिंतोड्यांबरोबर दिवे का जातात, याचं उत्तरही इथेच आहे. उन्हाळाभर विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ साचलेली असते. जोराचा पाऊस ती धुऊन काढतो, पण भुरभुर फक्त ओली करते आणि त्या थरातून वीज वाहते. तेव्हा मेच्या अखेरीस इन्व्हर्टरची बॅटरी तपासून ठेवा. तिच्या टर्मिनलना व्हॅसलीन लावा, दुचाकीच्या बॅटरीलाही.

ट्रकमध्ये काय चढवायचं ते आता. सागवान आणा, ते विदर्भाचंच आहे आणि दमट हवेत टिकतं. साध्या प्लायवूडचा आणि पार्टिकल बोर्डाचा पलंग, टीव्हीचं कपाट, स्वयंपाकघरातली ट्रॉली, हे नागपुरातच विका. पार्टिकल बोर्ड ओल शोषून फुगतो, स्क्रू सैल होतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात दार हातात येतं. नवं करायचंच तर आयएस ७१० चा (मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेलं प्लायवूड मागा, आणि शिक्का कापण्याआधी स्वतः बघा. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, दोन-तीन इंच जागा सोडा, नाहीतर मागच्या बाजूला बुरशी धरते आणि ती दिसते तेव्हा रेशमी साड्यांपर्यंत पोचलेली असते. डांबराच्या गोळ्या किडींसाठी आहेत, त्या ओल घेत नाहीत. ओलीसाठी कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या किंवा डबे मिळतात. ते पाण्याने भरले की बदलायचे, आणि सांडणार नाहीत असे ठेवायचे, कारण ते पाणी कापडाला आणि धातूला दोन्हीला वाईट.

एक चूक जवळपास प्रत्येक घरी होते. जुलैत लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, सुतार बोलावून रंधा मारून घेतात, आणि डिसेंबरात दार आकसलं की फटीतून वारा शिट्टी घालतो. जुलैत दाराच्या कडेला मेण किंवा साबण घासा. रंधा मारायचाच तर नोव्हेंबरनंतर, आणि लगेच उघड्या कडेला रंग किंवा पॉलिश लावा. ओल त्या उघड्या कडेतूनच शिरते.

स्टीलच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. बाजारात स्वस्त रेलिंग बहुधा २०२ नंबरच्या स्टीलचं असतं, त्यावर काही महिन्यांत तपकिरी डाग येतात. ३०४ बरंच बरं, पण समुद्राच्या अगदी तोंडावर त्यालाही चहाच्या डागांसारखे ठिपके पडतात. तिथे ३१६ लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला तोंड देतं. चुंबक लावून २०२ आणि ३०४ वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्हींना ते जवळपास चिकटत नाही. बिलावर नंबर लिहून घ्या. खिडक्यांना पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी चांगलं. आजीचा लोखंडी तवा आणि कढई मात्र नक्की न्या. धुतल्यावर गॅसवर कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा, एवढंच. ओल्या ओट्यावर पालथी घातलीत तर सकाळी ओट्यावर गंजाचं कडं उमटलेलं असेल.

कुरडया, पापड, सरगुंड्या नेताना पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि डबा दर वेळी पूर्ण उघडा न ठेवता आठवड्यापुरतं वेगळं काढा. सावजी मसाला तर फ्रीजमध्येच. बाहेर ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यात गोळा होतो आणि त्यातल्या खोबऱ्याला खवट वास येतो.

आता घर कसं बघायचं. वसई, नालासोपारा, विरार ही स्टेशनं आणि सुरुची, कळंब, राजोडी, अर्नाळा हे किनारे यांत साधारण सहा ते दहा किलोमीटरचं अंतर आहे. मधे वाड्या, बागा, मिठागरांच्या सखल जमिनी. स्टेशनजवळ राहिलात तर समुद्र रविवारचा. समुद्राजवळ राहिलात तर रोज शेअर रिक्षा किंवा महापालिकेची बस, आणि रात्री उशिरा दोन्हींची वाट बघणं. नोकरी मुंबईत असेल तर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत घर घ्या, आणि लाटांचा आवाज निवृत्तीसाठी ठेवा. निवृत्तीसाठीच जाणाऱ्यांनी मात्र मोठ्या दवाखान्याचा विचार आधी करावा. मुंबईकडे जाणारा रस्ता वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलावरून जातो (हे वर्सोवा अंधेरीचं नव्हे, घोडबंदरजवळचं), आणि तिथली कोंडी रुग्णवाहिकेसाठीही कोंडीच असते. २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाडीसह खाडी ओलांडता येते, पण ती दिवसाची सोय आहे.

इमारत बघताना रंग बघू नका, छज्जाची खालची बाजू बघा. काँक्रीटमधली सळई खाऱ्या ओलीने गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग, तपकिरी ओघळ, खांबावर टकटक केल्यावर येणारा बद्द आवाज, या तीन खुणा. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६) किनाऱ्याजवळ सळईवर ४५ ते ५० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं, आतल्या कोरड्या प्रदेशात वीस-तीस चालतं. स्वस्तातल्या बांधकामात ते मिळत नाही. इमारत पंधरा वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. सेक्रेटरी 'करायचंय अजून' म्हणाले तर भाड्याने घ्या, विकत नको.

विकत घेताना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. या पट्ट्यात अनधिकृत इमारतींचा प्रश्न जुना आहे. ओसी नसेल तर नळजोडणीचं घोडं अडतं आणि सोसायटी टँकरवर जगते. किनाऱ्याला लागून असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशाही तपासा.

पाणी ही नागपूरकराला सर्वात जड जाणारी गोष्ट. पेंच धरणाच्या पाण्याची सवय झालेल्या माणसाला दिवसातून ठरल्या वेळीच येणारं पाणी आणि बाकी वेळ टाकी हे गणित उशिरा समजतं. घर बघायला जाताना वॉचमनला विचारा: "काका, टँकर आठवड्याला किती येतात?" मालकापेक्षा त्याचं उत्तर खरं असतं. नळाखाली साबण घेऊन हात धुवा. फेस येत नसेल, हात बुळबुळीत न होता चरचरीत राहत असतील, तर बोअरचं जड किंवा खारं पाणी मिसळलेलं आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, तो घेऊन जा. पिण्याच्या पाण्याला ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत ही भारतीय मानकाची मर्यादा. किनाऱ्याजवळ जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जास्त उपसा झाला की खालचं खारं पाणी वर चढतं, त्यामुळे जानेवारीत गोड लागलेली बोअर मेमध्ये मचूळ होते. पाहणी उन्हाळ्यात करा. तळमजला घेणार असाल तर उलट, पावसाळ्यात.

तळमजल्याचं कारण भरती. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. तेवढ्यात मुसळधार पाऊस आला तर गटारांचं आणि नाल्यांचं पाणी समुद्रात उतरू शकत नाही आणि ते मागे गल्लीत फिरतं. ओहोटी लागली की दोन-तीन तासांत उतरतंही. म्हणून तिथले जुने लोक पावसाआधी भरतीची वेळ बघतात. तिचा हिशेब कॅलेंडरवर होतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना तोच हिशेब. तास-अर्धा तास इकडेतिकडे धरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण सर्वात मोठं असतं, अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, त्याला भांगाची भरती म्हणतात.

हा हिशेब येत नसल्यामुळे दर पावसाळ्यात कोणाची तरी गाडी वाळूत रुतते. ओल्या वाळूवर गाडी छान चालते, म्हणून लोक पाण्यापर्यंत नेतात, उतरून फोटो काढतात, तेवढ्यात पाणी चढतं आणि चाकांखालची वाळू सैल होते. ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागीच खड्डा खणतं. गाडी किनाऱ्यावर नेऊच नका, बंदीही असते. पोहायचं तर चढत्या भरतीत, जून ते सप्टेंबर अजिबात नाही. अंबाझरी तलावात पोहता येणं आणि ओहोटीच्या ओढीतून बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात निळे जेलीफिश वाळूवर येऊन पडतात, मेलेलेही डंख मारतात. लागलंच तर चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे जा.

बाजारात भाषेची एक गंमत. भाजीवाल्याकडे 'सांबार' मागितलं तर तो हॉटेल दाखवेल. तिथे कोथिंबीर म्हणायचं, आणि फल्लीदाण्याला शेंगदाणे. मासळी किलोवर मिळेल असं धरून गेलात तर कोळीण हसेल: "किलो नाय रं बाला, वाटा हाय." वाटा म्हणजे समोर लावलेला ढीग. भाव करा, पण आधी मासा ओळखा. कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि फुगीर, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबून पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर पुढे चला. बोंबील गुलाबीसर हवा, पिवळा नको. तो आणून लगेच तळला तर पाणी सुटून कढईत चिकटतो, म्हणून मधून चिरून, मीठ लावून, दोन फडक्यांत घालून वर पाटा किंवा भरलेलं पातेलं अर्धा तास ठेवा. आणि बोंबलाचा सावजी रस्सा करायला जाऊ नका. मटणाच्या हिशेबाने उकळलात तर काटा तेवढा सापडेल. सावजीसाठी सुरमई किंवा हलवा घ्या, रस्सा आधी पूर्ण शिजवा, तुकडे शेवटी सोडा, सात-आठ मिनिटांत गॅस बंद. पुन्हा गरम करताना पळीने ढवळायचं नाही, पातेलं हलवायचं. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा मोठा मासा बहुधा बर्फातला. ते दिवस सुकटीचे.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. ट्रक समृद्धी महामार्गावरून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर सरळ येतो, पुढे भिवंडीहून कामण-चिंचोटीचा रस्ता ट्रकांनी भरलेला असतो, तेव्हा पहाटे पोचेल असं निघा. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, ती ट्रकमध्येच चढवा. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने येत असाल तर दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जा. सकाळी विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सामान घेऊन बसता येतं, कारण गर्दी उलट दिशेला असते. संध्याकाळी पाच ते नऊ त्याच फलाटावर सूटकेस घेऊन उभे राहू नका.

परत नागपूरला जाताना लोक वेलची केळी नेतात, ती गाडीतच काळी पडतात. त्यापेक्षा सुकेळी न्या, वसईच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली. ती टिकते. सुकट, जवळा किंवा सुके बोंबील नेणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी कडक ऊन दाखवा, मग वर्तमानपत्र, त्यावर पॉलिथिन, त्यावर स्टीलचा डबा, आणि डब्याच्या झाकणाच्या फटीला चिकटपट्टी. एक थर कमी पडला तर इगतपुरीपर्यंत रेल्वेचा अख्खा डबा तुमच्याकडे बघत असतो. नागपूरला पोचल्यावर पॉलिथिन काढून साध्या डब्यात ठेवा. तिथल्या हवेत सुकट मेपर्यंत कुरकुरीत राहते.